तोंड बांधलेलं मडकं

ही गोष्ट अक्षरन्‌अक्षर खरी आहे. अगदी गळ्याशपथ. ती घडली तेव्हा मी स्वतः तिथे उभा होतो; म्हणजे उभा नव्हतो, कारण माझा जन्म व्हायचा होता, आणि ते गाव नेमकं कुठलं हेही मला अजून कोणी धड सांगितलेलं नाही. पण ज्या गृहस्थांकडून ती माझ्यापर्यंत आली ते उभ्या आयुष्यात एकदाही खोटं बोलले नाहीत. ते मुके होते. तेव्हा विश्वास ठेवून ऐका.

पूर्वी तंबाखूच्या काळ्या रानाच्या कडेला वसलेल्या एका गावात एक वृद्ध वैद्य राहत असत. सारा गाव त्यांना बुवा म्हणे. बुवा इतके म्हातारे होते की त्यांच्या उजव्या भुवईत चिमणीनं घरटं केलं आहे असं लोक सांगत. मी अतिशयोक्ती करणार नाही. घरटं नव्हतं, थोड्या काड्या होत्या. त्यांच्या आसव-अरिष्टांची कीर्ती मात्र निखळ होती. वनस्पतींचा काढा करायचा, त्यात गूळ विरघळवायचा, धायटीची वाळलेली तांबडी फुलं टाकायची आणि मडक्यात ते सगळं आंबू द्यायचं. यथावकाश त्यात मद्याचा अंश आपोआप उतरतो आणि औषध वर्षानुवर्षं टिकतं. कृती सर्वांनाच ठाऊक होती. पण इतरांची मडकी नासत आणि बुवांची उतरत. बुवा भिंतीपलीकडच्या मडक्याचा कानोसा घेऊन सांगत, "हे आज ढेकर देतंय, उद्या निजेल."

त्यांच्यापाशी मल्हारी नावाचा शिष्य होता. आईबाप पटकीत गेल्यावर त्याला थोरल्या बहिणीनं, सुंदराक्कानं वाढवलं. अक्का गावातल्या तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या, शेटजींच्या वखारीत तंबाखू चाळायला बसे. तिथल्या धुरळ्यात तिनं आपलं तारुण्य बसल्या बसल्या चाळून टाकलं, लग्नाचं राहून गेलं, पण भावाला बुवांच्या पायाशी आणून सोडलं. "ह्याला शिकवा," ती बुवांना म्हणाली होती, "ह्याच्या हाताला चाळणीचा वास लागाय नको." मल्हारी बुद्धीनं तल्लख होता. त्याची जीभ तर बुद्धीच्याही एक पाऊल पुढे चाले.

एके वर्षी बुवांनी एक विचित्र गोष्ट केली. त्यांनी एकाच काढ्याची दोन मडकी भरली. तोच गूळ, तीच फुलं, तूप चोपडलेली सारखी मडकी. सुरुवातीला दोन्ही उघडी ठेवली आणि मल्हारीकडून लाकडी पळ्यानं दोन्ही ढवळून घेतली. मग एका सकाळी एका मडक्यावर झाकण घातलं, वर कापड गुंडाळून चिखल लिंपला आणि त्याला कोपऱ्यात ठेवून दिलं. दुसऱ्याकडे बोट करून म्हणाले, "हे उघडंच राहू दे. उठता-बसता ढवळत जा. चांगलं वरपर्यंत उचल, खाली ओत. वारा आत गेला पाहिजे."

"बुवा, असं केलं तर हे बिघडेल."

"बिघडू दे."

"गूळ चांगला आहे हो. कोल्हापुरी."

"मला माहीत आहे. पैसे मीच मोजले. तू ढवळ."

मल्हारीनं ढवळलं. हाताला घट्टे पडले. म्हाताऱ्याची बुद्धी चळली असं त्याच्या मनात आलं आणि शिष्यधर्माला अनुसरून त्यानं ते मनातच ठेवलं. उघड्या मडक्यावर दाट फेस येई, साय धरावी तसा थर धरे, ढवळला की फुगून वर येई. बांधलेलं मडकं मात्र आतल्या आत कुजबुजत राहिलं. काही काळानं तेही गप्प झालं.

बुवांनी दोन्ही मडकी अंगणात आणवली आणि मल्हारीला चव घ्यायला लावली. बांधलेल्या मडक्यातला रस जिभेवर चरचरला, छातीत ऊब उतरली. उघड्या मडक्यातला रस पाणचट होता. गोडी गेलेली, मद्याचा अंश नावापुरता, आणि तळाशी बोटभर जाडीचा पिठूळ गाळ.

"आता ऐक," बुवा म्हणाले. "धायटीच्या फुलावर डोळ्यांना न दिसणारा एक जीव असतो. जुने ग्रंथ त्याला किण्व म्हणतात. त्याला हवा मिळाली की तो गुळाचा कण न्‌ कण पचवतो, अंगानं भरतो, लेकुरवाळा होतो. सुखानं संसार करतो आणि आपल्याला काही देत नाही. हवा तोडली की तोच जीव त्याच गुळावर कसाबसा तग धरतो. धड पचवता येत नाही, म्हणून अर्धवट पचलेलं बाहेर टाकतो. त्या टाकलेल्यालाच आपण औषधाचं सत्त्व म्हणतो. पहिल्यापासूनच कोंडलं तर त्याची वाढच होत नाही, अर्ध्या वाटेत दम सोडतो. म्हणून आधी हवा द्यायची, त्याचं कुटुंब वाढू द्यायचं, आणि मग तोंड बांधायचं. शेवटी स्वतः टाकलेल्यातच तो बुडून मरतो. आता सांग, यातलं चांगलं मडकं कोणतं?"

"बांधलेलं," मल्हारी म्हणाला. यात विचारण्यासारखं काय होतं?

"पिणाऱ्याला विचारलंस तर ते," बुवा म्हणाले. "किण्वाला विचारलंस तर दुसरं. औषध करणाऱ्यानं दोघांनाही विचारलं पाहिजे आणि मग पिणाऱ्याचं ऐकलं पाहिजे. न विचारता ऐकलं तर तो वैद्य नव्हे, नुसता दारू गाळणारा कलाल."

मल्हारीनं मान डोलावली. मान डोलावण्याचं एक सुख असं की तेवढ्यात निम्मं ऐकलं तरी चालतं.

त्याच सुमारास शेटजींना भूक लागेनाशी झाली. बुवांनी बांधलेल्या मडक्यातलं औषध बाटलीत भरून मल्हारीकरवी धाडलं. शेटजी झोपाळ्यावर बसले होते. भोवती गावातली चार शहाणी माणसं, समोर पानाचं तबक. घोट घेऊन शेटजींनी डोळे मिटले आणि विचारलं, "हे एवढं झणझणीत उतरतं कसं रे?"

तल्लख माणसाला असा प्रश्न आणि असे श्रोते एकत्र मिळू नयेत. मल्हारीनं उपरणं सावरलं आणि सगळी हकिकत रंगवून सांगितली. किण्वाच्या कुटुंबकबिल्यावर लोक खदखदून हसले. उघड्या मडक्यातल्या ऐदी किण्वाची त्यानं अशी नक्कल केली की एकाच्या तोंडातलं पान उडालं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि मग बुवांनी तोंड बांधलं. सत्त्व त्यानंतर उतरलं."

"वा," शेटजी म्हणाले. त्यांनी झोपाळा पायानं थांबवला. "म्हणजे मोकळं सोडलं की खातं, आणि कोंडलं की देतं."

"आधी थोडं मोकळं सोडायचं, मग कोंडायचं. एवढा क्रम सांभाळायचा."

"हे मडक्याचं झालं."

इथे मल्हारीनं मान नम्रपणे झुकवून घरी यायचं होतं. पण सगळे त्याच्याकडे पाहत होते. गोष्ट सांगून झाल्यावर तात्पर्य मागणारे डोळे कसे असतात ते ज्यानं पाहिलं आहे त्यालाच त्या क्षणाचा मोह कळेल.

"शेटजी," तो म्हणाला, "मडकं काय आणि माणूस काय, माती एकच."

मंडळींनी मांड्या थोपटल्या. शेटजी हसले नाहीत. ते विचार करत होते.

शेटजींची वखार त्यांच्या वडिलांनी बांधलेली होती. भिंतीत ओळीनं मोठ्या खिडक्या होत्या. बायका रांगेत बसून तंबाखूचा चुरा चाळत, नाकातोंडावर पदर गुंडाळत, आणि श्वास कोंडला की उठून खिडकीशी जात. तिथून कोणी रस्त्यावरच्या ओळखीच्या माणसाला हाक मारी, कोणी सासूनं आणलेल्या तान्ह्याला गजांतून हात लावी. वाऱ्यानं बारीक चुरा उडे, तोही जाई. शेटजी पुढच्या आठवड्यात सुताराला घेऊन आले आणि त्यांनी सगळ्या खिडक्यांवर फळ्या ठोकून घेतल्या.

काम वाढलं, खोटं सांगण्यात अर्थ नाही. उठून जायला जागा उरली नाही म्हणून बायका उठल्या नाहीत. चुरा उडाला नाही. शेटजींनी आनंदून बुवांच्या घरी पेढे धाडले, मल्हारीच्या नावानं. कशाबद्दल, हे त्यानं विचारलं नाही. अक्काला आवडतात म्हणून निम्मे घेऊन तो बाजाराच्या दिवशी तिच्याकडे गेला.

अक्का भिंतीला टेकून बसली होती. खोकल्यानं तिचे खांदे उडत होते. पदराला लागलेला लालसर तपकिरी डाग तिनं मुठीत धरला.

"दार उघड की अक्का, किती कोंदलंय आत."

"उगडंच हाय की रं. मीच कोंदलीया." तिनं पेढा तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळला. "ग्वाड हाय नव्हं?"

"तुला कळत नाही?"

"तोंडाला चव न्हाई राहिली. सगळं तमाकूच लागतंय. परवा भाकरी खाल्ली तर म्हटलं, ह्यात जर्दा कुणी मळला."

"वखारीत खिडकीशी जाऊन बसत जा थोडी."

"खिडक्या हायत कुटं आता? फळ्या ठोकल्यात." ती हसायला लागली आणि हसण्याचा खोकला झाला. तो ओसरल्यावर म्हणाली, "शेटजींनी समद्यांना गोळा करून गोष्ट सांगितली बग. म्हणाले, आदी हवा द्यायची आन्‌ मग त्वांड बांदायचं, मग सत्त्व उतरतंय. तुमचं आता उतराय लागलंय म्हणाले. तर आमची सोनव्वा म्हणती, शेटजी, सत्त्व न्हवं, आतडी उतराय लागल्यात."

मल्हारीच्या हातात पेढ्यांचा द्रोण होता. तो त्यानं खाली ठेवला आणि पुन्हा उचलला.

"तू वखारीत जाऊ नकोस."

"मग काय करू? बुवांच्यात येऊन मडकी ढवळू?"

द्रोण तिच्यापाशी ठेवून तो उठला. बाहेर आल्यावर त्याचे पाय आपसूक शेटजींच्या झोपाळ्याकडे वळले.

शेटजींनी त्याला पाट दिला, पाणी दिलं. तो सांगत असताना मधे एकदाही बोलले नाहीत. मग पान लावत म्हणाले, "बायका काय, खोकतातच. माझी आजी खोकायची, तिनं वखार पाहिलीसुद्धा नव्हती."

"तोंडातून रक्त येतंय, शेटजी."

"तर औषध दे. तुमचं कामच ते." त्यांनी विडा गालात धरला. "बाबा रे, त्या दिवशी इथे बसून तूच म्हणालास, मडकं काय आणि माणूस काय. आता माती बदलली?"

"ते मी बोलायच्या ओघात बोललो."

"मी मात्र ऐकायच्या ओघात ऐकलं नाही. नीट ऐकलं."

भोवतालच्या मंडळींनी त्याही वाक्याला मांड्या थोपटल्या. मल्हारीनं तोंड उघडलं. पण ज्या गोष्टीनं त्यानं सगळ्यांना जिंकलं होतं ती खोडून काढील अशी दुसरी गोष्ट त्याला सुचेना. त्यानं ती फारच चांगली सांगितली होती.

बुवा अंगणात धायटीची फुलं निवडत बसले होते. मल्हारी त्यांच्यापुढे बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. या वेळी नक्कल केली नाही. बुवांनी फुलं बाजूला सारली.

"उघड्या मडक्याचं त्यांना सांगितलंस?"

"सांगितलं. लोक हसले."

"किण्वाला ते मडकं बरं, हे सांगितलंस?"

"नाही."

"आणि बांधलेल्या मडक्यात त्याचं शेवटी काय होतं, ते?"

"नाही. गोष्ट तिथे संपत नव्हती. म्हणजे, चांगली संपत नव्हती."

बुवांनी काठी मागितली. ते बऱ्याच वर्षांत अंगणाबाहेर गेले नव्हते. मल्हारीचा खांदा धरून ते वखारीपर्यंत आले, दार ढकललं आणि आत शिरले. आत उजेड नव्हता असं नाही; उजेडाला रंग होता, तपकिरी. बायकांचे हात चालत होते, डोळे तेवढे दिसत होते. बुवा रांगेच्या शेवटी अक्काशेजारी मांडी घालून बसले. त्यांना ठसका लागला. अक्कानं आपल्या पदराचं टोक काढून त्यांच्या नाकाशी धरलं.

"बुवा, तुमी कशाला हितं?"

"बसतो थोडा. तू चाळ."

शेटजी धावत आले. वैद्यबुवा वखारीत जमिनीवर बसले आहेत, हे गावानं पाहणं बरं नव्हतं. "बुवा, उठा, काय हे. निरोप धाडायचा होता, मी आलो असतो."

"शेटजी," बुवा म्हणाले. प्रत्येक वाक्यानंतर त्यांना थांबावं लागत होतं. "मडक्याची गोष्ट मूळ माझी. माझ्या शिष्यानं ती तुम्हाला निम्मी सांगितली, म्हणून उरलेली पुरी करायला आलो. मी किण्वाला कोंडून मारतो. रोग्यासाठी मारतो, आणि मारतो आहे हे जाणून मारतो. त्याला मी कधी म्हणत नाही की बाबा रे, तुझं सत्त्व उतरतंय. दृष्टांत सांगणारा आपल्या सोयीची बाजू सांगतो, ऐकणारा आपल्या सोयीची धरतो. मडक्यात जो असतो त्याला दोघंही विचारत नाहीत. आज मी त्याच्या बाजूला येऊन बसलोय. तुम्ही फळ्या काढू नका, माझं काही म्हणणं नाही. मी इथेच बसतो. पाहू या, माझं काय उतरतं."

वखारीत चाळण्या थांबल्या. शेटजींनी एकदा बुवांकडे, एकदा फळ्यांकडे पाहिलं. मग त्यांनी सुताराला बोलावणं धाडलं. पहिली फळी निघाली तेव्हा उन्हाचा एक पट्टा आत आला आणि त्यात धुरळा नुसता उकळताना दिसला. बायका उठल्या. अक्काला मल्हारीनं हाताला धरून खिडकीशी नेलं. तिनं गज धरले आणि कपाळ गजांना टेकलं.

"अक्का," मल्हारी म्हणाला, "ती गोष्ट शेटजींना मी सांगितली होती."

"ठावं हाय."

"कोणी सांगितलं?"

"कोण कशाला सांगंल? शेटजी सांगत हुते तवाच वळकलं. लहानपणी भाकरी चोरून खायचास आन्‌ असंच नटवून सांगायचास, मांजराचं नाव घेऊन." ती थांबली. श्वास गोळा करायला तिला वेळ लागला. "बायकास्नी म्हटलं न्हाई मी. तुला शिव्या घातल्या असत्या. आन्‌ खरं सांगू का? त्यो सांगत हुता आन्‌ मला बरं वाटत हुतं. एवढा मोठा माणूस माझ्या भावाचं बोलणं बोलून दाखवतोय."

मल्हारी पुढे वैद्य झाला. हाताला गुण होता. त्याच्या घरी मडकी भरत, आधी उघडी ठेवली जात, मग बांधली जात. येणारी माणसं आता त्यालाच विचारत, बुवा, यातलं गुपित काय? तो म्हणे, कृती आहे, लिहून घ्या. काढा, गूळ, फुलं. यापलीकडे तो बोलत नसे. आणि बांधलेलं मडकं उघडताना तो तळाशी मरून बसलेल्या किण्वाचा गाळ कुणाला धुऊ देत नसे. स्वतः हातानं काढी आणि तेवढा वेळ त्याच्याशी कोणी बोललेलं त्याला चालत नसे.

गोष्ट इथे संपते, आणि दृष्टांत सांगणाऱ्यांबद्दल बुवा जे बोलले ते ऐकल्यावर तात्पर्य मी काढत नाही.

आता सुरुवातीला शपथ घेतली आहे, तेव्हा यात माझ्या पदरचं किती ते सांगून टाकतो. चिमणीच्या काड्या माझ्या. मुके गृहस्थही माझेच. बुवा वखारीत जाऊन बसले हे खरं, जे बोलले तेही खरं. शेटजींनी ते हात जोडून ऐकलं, बुवांच्या पाठीशी लोड आणून ठेवला, वाळ्याचं पाणी पाजलं आणि ठसका अनावर झाल्यावर त्यांना आपल्या गाडीत घालून घरी पोचतं केलं. चाळण्या पुन्हा सुरू झाल्या. अक्का भावाशी बोलली ते खिडकीशी नव्हे, अंथरुणावर, आणि त्यानंतर ती फारसं बोलली नाही.

फळ्या कोणी काढल्या नाहीत. त्या खिडक्या मी उघडल्या.